'मात्रा'चा कागद

कोशाच्या कचेरीत एक नियम होता: ज्यानं शब्द उघडला, त्यानंच तो मिटवायचा. मध्येच सोडून जायची सोय नाही. टिपण्यानं, म्हणजे तिथल्या एकुलत्या एक सहायकानं, 'मात्रा' उघडली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तसं त्या शब्दात होतं काय? मूळ 'मा', म्हणजे मोजणं. त्यातून माप, मग अक्षर उच्चारायला लागणारा वेळ, तालातला एक ठोका, औषधाचा डोस, अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ. आठवड्यात सगळं लिहून झालं. पण मुख्य संपादक, दादासाहेब, कागद परत पाठवत. समासात एकच शेरा: 'पुन्हा पाहा.' काय पाहायचं, ते सांगतील तर शपथ! सहा महिन्यांत सात वेळा झालं हे.

टिपण्याची बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी. तिथल्या कॉलेजात त्याला नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. लेक हल्ली फोनवर त्याला काका म्हणायची. पण 'मात्रा' मिटल्याशिवाय सुटकेच्या पत्रावर सही होणार नव्हती.

शुक्रवारी दुपारी तो आठव्यांदा कागद घेऊन गेला. टेबलावर ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, घाईत कोराच कागद उचललाय. तो तोंड उघडणार तोच दादासाहेबांनी कागद ओढला, वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"आता जमलं," ते म्हणाले, आणि सही ठोकली. मग सुटकेच्या पत्रावरही.

टिपण्या गारच पडला. म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं. कुठला शब्द परत पाठवायचा, कुठला मंजूर करायचा, सगळा अंदाजपंचे कारभार. आणि मंजूर झालेलं छापायला जाणार होतं.

पत्र खिशात घालून तो दारापर्यंत गेला. गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. स्वतःचाच राग आला त्याला, पण पाय उचलेना. तो मागे फिरला.

"दादासाहेब, तो कागद कोरा होता."

त्यांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं. "कुणाला सांगू नकोस. वाचून दाखवशील?"

"किती शब्द मंजूर केलेत असे?"

"तीनशेच्या वर."

टिपण्यानं खुर्ची ओढली आणि तो मंजूर कागदांतल्या पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला लागला. सोमवारी तो तिथेच होता, नव्वदाव्या शब्दावर.