आगगाडीचे बैल

निजामाच्या राज्यातल्या त्या गावात लग्नाची हळद सिद्धम्माच्या ओव्यांशिवाय कधी दळलीच गेली नव्हती. ओव्या ती स्वतः जुळवायची. त्यातला भाऊ कधी घोड्यावरून यायचा, कधी टांग्यातून, कधी बैलगाडीतून. त्या दिवशी तिनं त्याला थेट आगगाडीत बसवलं:

‘बंधू माझा आला बाई, आगगाडीतून,
बैल तिचे दमले गं, परांड्यापासून.’

बायकांनी माना डोलावल्या. बार्शीहून गावात नवी आलेली सून नीलम्मा मात्र खुदकन हसली.

“मावशी, आगगाडीला बैल नसत्यात! मी बसलेय की तिच्यात.”

जातं थांबलं. शेजारची मल्लम्मा म्हणाली, “घ्या! आता हळद बार्शीवालीकडूनच दळून घ्या.”

सगळ्या हसल्या. सिद्धम्मानं आगगाडी जन्मात पाहिली नव्हती. आणि चुकीची ओवी गाणारीला पुढच्या लग्नात कोण बोलावणार?

“मग वढतंय कोण तिला?” तिनं विचारलं.

“इंजन. कोळसा खातंय, अन् टेसनावर थांबून हंडे-हंडे पाणी पितंय.”

“पाणी पितंय व्हय?” म्हणत सिद्धम्मानं खुंटा धरला:

‘बंधू माझा आला बाई, आगगाडी दारात,
पाणी पाजा तिला आधी, मग बसू घरात.’

“हां, आता बराबर,” असं म्हणत नीलम्मानंही खुंट्याला हात लावला आणि जातं पुन्हा फिरायला लागलं.