त्रेसष्ट वेळा

नितेशचा फोन वाजायचा थांबला, तेव्हा त्याची बायको आकांक्षा मनापासून खूश झाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा नवरा डाव्या हातात फोन न धरता जेवत होता. नितेशला मात्र घास गिळवत नव्हता.

अमरावतीत राजापेठेच्या अलीकडे, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, अकरा जणांची एक छोटी कंपनी आहे. श्यामभाऊ तिचे मालक. अकोल्यातल्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेचं सगळं काम या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. गावोगावचे शेतकरी गट आणि बायांचे गट तिथे सोयाबीनचा नमुना पाठवतात. प्रयोगशाळा शंभर दाणे ओल्या कागदावर मांडून ट्रेमध्ये ठेवते आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजते. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरायचं, नाहीतर परत करायचं.

हे सॉफ्टवेअर नितेशने एकट्याने लिहिलं होतं. खरं सांगायचं तर ते बरंच रडकं होतं. नमुना नोंदवायचं बटण दाबलं की पडद्यावर एक चकरी फिरू लागायची. अकोल्याच्या टोकाला काम लांबलं की ती फिरतच राहायची, आणि शेवटी दमून एक वाक्य टाकायची : ‘काहीतरी चुकलं आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं, कोणाचं चुकलं, याचा पत्ता नसायचा. लोक बिचारे पुन्हा प्रयत्न करायचे, एका नमुन्याचे तीन व्हायचे, आणि मग नितेशला फोन लागायचा.

“नितेशभाऊ, अटकलं नं बाप्पा!”

एवढं ऐकलं की नितेश निघालाच. लग्नात असो, अंत्ययात्रेत असो, तो बाजूला जाऊन पाच मिनिटांत गुंता सोडवायचा. आपणच करून ठेवलेले घोळ निस्तरून हा माणूस चार तालुक्यांत देवमाणूस झाला होता. मोझरीजवळच्या एका गावातल्या महिला गटाच्या बेबीताई तर दर संक्रांतीला त्याच्या घरी तिळाचे लाडू पाठवायच्या. यात त्याची काही लबाडी नव्हती. त्याला खरोखरच वाटायचं, की आपण आहोत म्हणून हे चालतं.

मग अकोल्याहून संध्या आली. वय सत्तावीस, बोलणं कमी. दोन महिने तिने नितेशचं सगळं काम वाचून काढलं आणि श्यामभाऊंना सांगितलं, “आठ दिवसांचं काम आहे सर, तर माणसाले दाराशी उभं कशाले ठेवायचं? शिंपी कापड घेते, चिठ्ठी देते आणि घरी पाठवते. आपणही तसंच करू.”

तिने तसंच केलं. आता बटण दाबलं की लगेच उत्तर यायचं : नमुना मिळाला, हा तुमचा क्रमांक. तो क्रमांक टाकला की एक पान उघडायचं आणि त्यावर तीनपैकी एक शब्द दिसायचा, ‘चालू आहे’, ‘पूर्ण’ किंवा ‘फसलं’. बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकच व्हायची. आणि फसलं तर काय फसलं, तेही सांगायची ही बाई! ‘पिशवी वाटेत फाटली. दाणे शंभरापेक्षा कमी आहेत. नवा नमुना पाठवा, क्रमांक तोच राहील.’ चूक सांगताना तीन गोष्टी सांगायच्या, असा तिचा नियम होता : काय झालं, कोणाकडून झालं, आता काय करायचं.

गटांच्या बैठकीत तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. “चालू दिसलं तर निवांत थांबायचं. फसलं दिसलं तरच फोन करायचा.”

त्या बैठकीत बेबीताईंनी टाळ्या वाजवल्या. नितेश मागच्या खुर्चीत बसून सगळं पाहत होता. त्या टाळ्या त्याच्या कानशिलावर बसल्या.

पहिल्या आठवड्यात फोन कमी झाले, दुसऱ्यात थांबले. नितेश खिशातून फोन काढून बघायचा, आवाज बंद तर नाही ना राहिला. बंद नव्हता. श्यामभाऊ येता-जाता “संध्याबाई, कमाल केली तुमी” म्हणायचे आणि नितेशच्या अंगाची लाही लाही व्हायची. तिचं काम वाईट असतं तर त्याला हसता आलं असतं, पण ते चांगलं होतं. आपण पंधरा वर्षांत हे का केलं नाही, या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःलाही देता येत नव्हतं, आणि त्याचाही राग तो तिच्यावरच काढत होता.

आता मूळ गोष्ट. संध्याने ते सगळं लोकांसाठी खुलं केलं, त्याच्या आठ दिवस आधी ती नितेशच्या टेबलाशी आली होती.

“सर, एकदा नजर घाला. तुमी पाहिल्याशिवाय मी चालू करत नाही.”

नितेशने नजर घातली. चांगली तीन दिवस घातली. खोट काढायचीच म्हणून बसला होता, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. काम बिघडलं तर ‘फसलं’ लिहायचं, हे संध्याने नीट केलं होतं. पण काम करणारा संगणकच मध्येच बंद पडला तर? मग ‘फसलं’ लिहायला मागे कोणी उरतच नव्हतं. अशा नमुन्यापुढे ‘चालू आहे’ हा शब्द जन्मभर तसाच राहिला असता. इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप ‘फसलं’ म्हणा, अशी एक मुदत तिथे हवी होती. अर्ध्या तासाचं काम होतं.

नितेशने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘काम मधेच मेलं तर?’ लिहून तो त्या ओळीकडे बघत बसला. समोर संध्या कोणाशी तरी फोनवर बोलत होती आणि हसत होती. फोन बेबीताईंचा होता, हे त्याला आवाजावरून कळलं.

त्याने ती ओळ पुसली आणि लिहिलं, ‘ठीक आहे.’

त्याला कोणाचं वाटोळं करायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा कुठेतरी अटकावं, लोकांची धांदल उडावी, संध्याला काही सुचू नये, आणि कोणीतरी म्हणावं, नितेशभाऊले फोन लावा. एवढीच त्याची इच्छा होती.

ती पूर्ण व्हायला फार दिवस लागले नाहीत. मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला अकोल्यात भरदुपारी वीज गेली. मनकर्णाबाई, प्रयोगशाळेत ट्रे सांभाळणाऱ्या, आठव्या दिवसाच्या ट्रेचे फोटो काढून संगणकावर चढवून झाल्या होत्या आणि संगणक कोंब मोजत होता. तो मेला. वीज आली, तोही पुन्हा सुरू झाला, पण आपण मघाशी काय करत होतो ते त्याला आठवलं नाही, आणि न मोजलेल्या ट्रेचे फोटोही उरले नाहीत. मनकर्णाबाईंनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे नवव्या दिवशी ट्रे रिकामे करून धुऊन ठेवले. बाकीच्या नमुन्यांची मोजणी त्याआधीच झाली होती. एकच अडकला. क्रमांक चारशे सतरा, बेबीताईंचा.

नितेशला ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण तो रोज तेच शोधत होता. त्याने क्रमांक टाकला. ‘चालू आहे.’ आता बेबीताई फोन करतील, या खात्रीने त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला.

बेबीताईंनी फोन केला नाही. चालू दिसलं तर थांबायचं, हे संध्याने सांगितलं होतं, आणि बेबीताई सांगितलेलं ऐकणाऱ्या होत्या.

तीस तारीख, एकतीस, एक जून. नितेश सकाळी दात घासताना पान उघडायचा, जेवताना उघडायचा. बहिणीला सोडायला बडनेऱ्याला गेला तर गाडी सुटण्याआधी फलाटावर दोनदा उघडलं. ‘चालू आहे.’ ‘चालू आहे.’ गटाला हे बियाणं शेजारच्या गावच्या गटाने दिलं होतं, आणि वाईट निघालं तर सोळा जूनपर्यंतच बदलून मिळणार होतं, हे त्याला ठाऊक होतं. नव्याने तपासायला आठ दिवस लागतात, हेही ठाऊक होतं. म्हणजे आठ तारखेच्या पुढे गेलं की संपलं.

“फोन काहून पाहून राहिले सारखे?” आकांक्षाने विचारलं.

“काही नाही. वाट पाहून राहिलो.”

“कोणाची?”

नितेश ताट उचलून आत गेला.

पाच तारखेला त्याने बेबीताईंचा नंबर काढला. काय सांगणार होता? तुमचा नमुना अडकला आहे. कसं कळलं? मला आधीपासून माहीत होतं. मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. संध्याला सांगावं, तर ती ‘तुमीच ठीक आहे लिहिलं होतं सर’ म्हणणार. त्याने फोन खिशात घातला. त्यापेक्षा बेबीताईंनीच विचारावं, म्हणजे आपण धावत जाऊ, असं त्याने मनाला समजावलं. मत्सर माणसाला असा कोपऱ्यात घालतो, की एक पाऊल मागे घेतलं तर सुटका असते आणि तेवढंच घेववत नाही.

आठ जूनला सकाळी संध्या लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, चारशे सतरा.”

नितेशने हातातला फोन पालथा ठेवला.

“या एका क्रमांकाची चौकशी अकरा दिवसांत त्रेसष्ट वेळा झाली. मले वाटलं कोणाचा प्रोग्राम येडा झाला आणि एकच प्रश्न विचारत सुटला. कोण विचारते, ते नोंदीत पाहिलं. तर माणूस निघाला. तुमी.”

कोणी क्रमांक पाहिला की त्याची नोंद होते, हे नितेशला माहीत असायला हवं होतं. त्या नोंदवहीची सूचना त्यानेच एका बैठकीत, संध्याचं काम वाढावं म्हणून, केली होती.

तो काही बोलणार, तेवढ्यात श्यामभाऊ आले. संध्या त्यांच्याकडे वळली. “सर, चूक माझी आहे. मी मुदत घातली नाही. संगणक मधातच बंद पडला आणि नमुना लटकला. नितेश सर रोज पाहून राहिले होते, म्हणून सापडला. त्यांना शंका आली असंन, पण खात्री झाल्याशिवाय बोलायचं कसं, म्हणून थांबले असतीन. मनकर्णाबाईले फोन केला मी. पिशवीत उरलेले दाणे आजच मांडून राहिल्या त्या.”

श्यामभाऊंनी नितेशच्या पाठीवर थाप मारली. “याले म्हणते जुनं हाड! नवीन लोकांनी शिकावं.”

“हो,” नितेश म्हणाला. “शंका होती.”

पंधरा वर्षांत कार्यालयात इतकं कौतुक त्याचं कधी झालं नव्हतं. संध्याने दुपारी मुदत घातली आणि चूक कशी झाली याचा अहवाल स्वतःच्या नावाने सगळ्यांना पाठवला. काय झालं, कोणाकडून झालं, आता काय करायचं. ‘कोणाकडून’च्या पुढे तिने आपलं नाव लिहिलं होतं. नितेशने तो अहवाल चार वेळा वाचला. आता तिचा हेवा करायला त्याच्याकडे काही कारण उरलं नव्हतं, आणि तरी वाटत होताच, आधीपेक्षा जास्त. पुरती स्वतःची नसलेली चूकही ही पोरगी इतक्या सहज अंगावर घेते, आणि आपल्याला आपली उचलत नाही.

पंधरा तारखेला निकाल आला. शंभरात चौपन्न. दुसऱ्या दिवशी दुपारी नितेशचा फोन वाजला. वाजला म्हणून कार्यालयातल्या दोघा-तिघांनी वळूनही पाहिलं.

“नितेशभाऊ, मी बेबी बोलून राहिली. बियाणं बदलून भेटलं बाप्पा! आत्ताच घरी आनलं. ते पेरलं असतं त अकरा जणींचं वावर अर्धं खाली रायलं असतं. संध्याताईनं सांगतलं मले, तुमी दिवसातून सा-सा वेळा पाहून राहिले होते आमचा नंबर.”

“बेबीताई...”

“नाई, आयका. दरसाली मी घरी गोणपाट भिजवून शंभर दाने गुंडाळून ठेवत होती. आठ दिवसांनं उघडलं का मोजायचे. मायी सासूही तसंच करे. यंदा गोणपाट भिजवलंच नाई. म्हटलं, आता पान सांगते त कशाले? त्या पानावर भरोसा टाकून बसली मी. तुमी होते म्हणून वाचलो.”

इतके दिवस ज्या फोनची वाट पाहिली तो हाच होता, आवाज तोच, भाऊ म्हणणं तेच. समोर संध्या मान खाली घालून काम करत होती. तिने कौतुक ऐकलं असावं, कारण ती जराशी हसली. ते हसू बघून नितेशला स्वतःची शिसारी आली.

“बेबीताई,” तो म्हणाला, “मले माहीत होतं.”

“हो नं, तेच त म्हणून राहिली मी.”

“तसं नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. असं अटकू शकते, हे त्याच्याही आधी माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

पलीकडे कोणीतरी हातपंप मारत होतं, तो आवाज थोडा वेळ येत राहिला.

“मंग सांगतलं काहून नाई?”

काहीतरी चुकलं, हे वाक्य नितेशच्या जिभेवर आलं. पंधरा वर्षं त्याने लोकांना तेच वाक्य दिलं होतं, आणि बेबीताईंनी ते आताही चालवून घेतलं असतं. त्याने संध्याकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते.

“या संध्याची फजिती व्हावी म्हणून,” तो मोठ्याने म्हणाला. “आणि तुमी पुन्हा मलेच फोन करावा म्हणून.”

संध्याने मान वर केली. श्यामभाऊ दारात उभे होते, ते तिथेच थांबले.

“केला नं मंग फोन,” बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनीच तो ठेवला.