परसबागेतली मेथी

सरकारी शाळा सुधारायच्या म्हणून स्पर्धा निघाली आणि तीत परसबागेला दहा गुण ठेवले. मी चाकणजवळच्या अशाच एका शाळेची मुख्याध्यापिका. गणिताचे तास बुडवून मुलांबरोबर वाफे केले, मेथी पेरली. मेथी अशी तरारून आली की खिचडी शिजवणाऱ्या गवराबाई लगेच टोपली घेऊन हजर.

"थांबा हो, आधी समिती येऊन जाऊ दे," मी म्हणाले.

आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याची समिती फोटो काढून गेली. तालुक्याची मात्र या सोमवारी, पुढच्या सोमवारी करत राहिली. रोज सांगवीहून कंपन्यांच्या कंटेनर-ट्रकांच्या गर्दीतून स्कूटर काढत यायचं आणि आल्या आल्या मेथीला पाणी घालायचं. मुलं नुसती खिचडी खात वाफ्यांकडे बघायची.

"बाई, निबर व्हाया लागली," गवराबाई म्हणाल्या. "पोरांनी न्हाई खायची, मग गुरांनी खायची व्हय?"

समितीवरचा राग मी त्यांच्यावर काढला.

शेवटी समिती आली तेव्हा मेथी फुलावर आली होती. साहेब फुलं बघून खूश झाले. दहापैकी दहा गुण दिले आणि मोठ्याने वाचत शेरा लिहिला, 'बागेतील भाजी मुलांच्या आहारात वापरावी.'

ते ऐकून गवराबाई टोपली आणायला वळल्या.

गाडीत बसता बसता साहेब म्हणाले, "मॅडम, अजून जिल्ह्याची समिती यायचीय. तोवर बागेला हात लावू नका."