मनोऱ्याच्या पायाशी

नगरभवनाच्या भिंतीला टेकून माझ्या सासूबाईंचं घर होतं. तिथे त्या उकडलेल्या गोगलगायी विकायच्या. वर गॉथिक मनोरा, आणि त्यावरच्या दगडी राक्षसांच्या तोंडातलं पावसाचं पाणी थेट त्यांच्या छपरावर.

माझा नवरा कामील दगडावर तेलकट खडूनं चित्रं काढून ती कागदावर छापायचा. मनोरा, चौक, आईचं घर, सगळं त्यानं हिवाळाभर खपून काढलं होतं. तेवढ्यात नगरसभेनं चौकातली घरं पाडायचं ठरवलं. ते चित्र नगरसभेसाठी छापून घ्यायला तिथले डी पाऊ साहेब छापखान्यात आले.

"हा मनोरा म्हणजे आपलं स्वातंत्र्य. सरदारापुढे न वाकलेली नागरिकांची मान! चित्रात तो मोकळा दिसू दे. पायाशी टपरी कशाला?"

ते ऐकून सासूबाई हसल्या. "स्वातंत्र्य म्हणे! त्याचं गळकं पाणी पिढ्यान् पिढ्या आमच्याच डोक्यावर. पाडा मेल्यांनो. पण कामील, चित्रात तरी मला राहू दे रे."

"राहशील गं आई," तो म्हणाला.

घर पडलं. सासूबाईंना धर्मशाळेत खाट मिळाली, पण तिथे त्यांचा जीव रमलाच नाही. पानगळ व्हायच्या आत त्या गेल्या. चित्रासाठी डी पाऊ साहेबांची घाई चालूच होती. पोटाचा प्रश्न, कामीलनं दगडावरचं तेवढं घर खरवडून काढलं.

मी शाई फिरवली, कागद दाबून उचलला. चौक रिकामा. थोड्या कागदांनंतर भिंतीशी करडा डाग उमटला. दगडाच्या पोटात जुन्या खडूचं तेल राहतं, ते वर येतं. छापखान्यात हे सगळ्यांनाच ठाऊक. मग छप्पर आलं. मग दार. मग दारात, कपाळावर आडवा हात धरून वाट बघणाऱ्या सासूबाई.

"त्यांना चित्रात काढलं होतंस तू?" मी विचारलं.

"नाही. नुसतं घर."

त्या रागावलेल्या दिसल्या असत्या तर परवडलं असतं. त्या जेवायला हाक मारताना उभ्या राहायच्या, तशाच उभ्या होत्या.

डी पाऊ साहेबांनी कागद पाहिला. "हे भूत घालवा. नाहीतर काम दुसरीकडे जाईल."

"कामील, नको रे," मी म्हणाले.

त्यानं पातं उचललं. खरवडलं, दगडाला खळगा पडेपर्यंत.

घर पुन्हा आलं नाही. चित्र घरोघरी लागलं. लोक म्हणतात, काय मोकळा मनोरा! चित्रातल्या राक्षसांखाली आता नुसती फरशी आहे.

काम केव्हाच संपलं, पण कामील छापतोच आहे. प्रत्येक कागद खिडकीशी धरतो, आईच्या घराचा कोपरा न्याहाळतो, बाजूला टाकतो. मी शाई जरा जास्त लावते, जास्त शाईनं पुसलेल्या खुणाही कधी उमटतात. आज सकाळी मनोरा पार काळा पडला, एकही कमान दिसेना.

"अजून लाव," तो म्हणाला.