पेटीत मावणारी माणसं

सहा वर्षांनी येलेचा नंबर लागला. गाडी ठेवायला पालिकेकडून मिळणाऱ्या पार्किंगच्या परवान्याला हो की नाही ते आज पाचच्या आत कळवायचं, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेपटीला.

नाव नोंदवलं तेव्हा तो सडाफटिंग होता. आता त्याच्या सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत दोन मुलं बसायची आणि तिसरं महिन्याभरात येणार होतं. पेटीत जागा दोनच. सकाळी पुलावर वाऱ्याने सायकल आडवी झाली, तेव्हा मुलं हसली आणि येले रडला.

"गाडी घेतलीस तर दर रविवारी तुझ्या आईकडे जावं लागेल," त्याची बायको फेन्ना हसत म्हणाली. "सध्या न जाण्याचं खापर वाऱ्यावर फोडता तरी येतं."

"मला खरंच आता जमत नाही गं."

तिने हसणं थांबवलं. "मग घेऊ."

येलेने परवान्यात दिलेली पार्किंगची जागा फोनवर उघडून पाहिली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, सायकलने पस्तीस मिनिटं; आणि घराच्या गल्लीत गाडी आणायला बंदी.

"म्हणजे गाडीत बसायला आधी पेटीत बसायचं?" फेन्ना म्हणाली.

"दोन खेपा करीन. आधी मोठी दोघं, मग तू आणि बाळ."

"आणि तोवर त्या दोघांजवळ कोण?"

येलेने कागदावर गोल काढून दोन्ही टोकांची माणसं पुन्हा पुन्हा मोजली. प्रत्येक वेळी मुलांजवळ थांबायला एक मोठं माणूस कमी पडत होतं.

पाचला दोन मिनिटं असताना त्याने 'नाही' दाबलं. मग मोजपट्टी घेऊन तो खाली गेला आणि मुलांना पेटीत बसवून म्हणाला, "जरा श्वास आत घ्या बघू."