बंपरवरचा जोड

मित्रांनो, मी एक जुनी मॉरिस मायनर गाडी आहे आणि स्वभावाने शंकेखोर आहे. कोणी फार वेळ माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले, की याच्या मनात काय शिजतंय, हाच विचार मला आधी येतो. सत्तरी कधीच ओलांडलेल्या गाडीशी भंगारवालेही गोडच बोलतात.

माझा जन्म विलायतेत, ऑक्सफर्डजवळच्या काऊलीच्या कारखान्यात झाला. कारखाना काढणारा मॉरिस पूर्वी सायकली दुरुस्त करायचा. साध्या संसारी माणसाला झेपेल अशी गाडी करायची, हे त्याच्या कारखान्याचे ब्रीद. आमच्या वाणाच्या गाड्या पुढे दहा लाखांवर गेल्या. मग कंपन्या एकमेकींत विरघळल्या, नाव मागे पडले आणि आम्ही जिथे होतो तिथे म्हाताऱ्या झालो. मी बोटीने मुंबईला उतरले आणि दोन-तीन घरे फिरून वसईजवळच्या होळी गावात मार्सेलकडे आले.

मार्सेलची केळीची आणि फुलांची वाडी. त्याने मला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. त्याचे डोळे अधू झाले तेव्हा त्याने मला खाडीकाठच्या आपल्या जिवलग मित्राच्या, दिनानाथच्या हवाली केले. मनात लगेच पाल चुकचुकली. इतकी लाडकी होते, तर दुसऱ्याच्या दारात का आणून सोडले?

त्यातून माझे एक गुपित होते. माझ्या पुढच्या बंपरच्या बरोबर मध्ये एक जोड आहे आणि बॉनेटवर नाकापासून काचेपर्यंत एक पट्टी. मी अखंड नाही, मला कोणीतरी कधीतरी कापले आहे, ही शंका मला कायम खात असे.

पण दिवस छान गेले. नाताळात दिनानाथ मार्सेलला आणि त्याची बायको कॅरल हिला माझ्यातून पाहुण्यांकडे फिरवायचा. पुढच्या सीटवर हे दोन अंगाने भरलेले मित्र खांद्याला खांदा लावून बसत. दसऱ्याला मार्सेल सकाळीच झेंडूची माळ घेऊन येई. माळ कॅरलने ओवलेली, अशी घट्ट की फुलांतून दोरा दिसायचा नाही. माझी पूजा दिनानाथची, माळ मार्सेलची, असा रिवाजच पडला होता.

दिनानाथची नात अश्लेषा, तिचे लग्न ठरले. नवरी माझ्यातूनच जाणार म्हणून तिचे वडील परेश यांनी विरारहून संग्राम नावाच्या जुन्या गाड्यांच्या दलालाला रंग सुचवायला बोलावले. त्याने बंपरवरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"काका, ही कापून जोडलेली गाडी आहे. मोठा ॲक्सिडंट असणार. कोणी गळ्यात मारली?"

शेवटी निघालेच गुपित!

"मार्सेलकाकांना माहीत नसेल?" परेश म्हणाले.

"त्याला म्हाईत नसंल कसं?" दिनानाथ पुटपुटला. "त्यानं आपनहून सांगायला पायजे होतं."

"विचारून तरी बघा," दिनानाथची बायको जयवंती म्हणाली.

"दोस्ताला इचारायची येळ आली, मग राहिलं काय?"

तो विचारायला गेलाच नाही. माझ्यावर ताडपत्री पडली. अश्लेषा भाड्याच्या गाडीतून सासरी गेली आणि मार्सेलच्या घरी पत्रिकासुद्धा गेली नाही. मला वाईट वाटले, पण खोटे कशाला बोलू, संशय मलाही होताच.

त्या दसऱ्याला मार्सेल आला. फाटकाच्या कडीला माळ अडकवून, आत न येताच परत गेला. ताडपत्रीच्या भोकातून मी सगळे पाहिले. माळ सैल होती, फुले एका अंगाला घसरलेली. म्हटले, बघा, मनात चोर आहे म्हणून उंबरा चढला नाही आणि माळही कशीतरी उरकली!

"राहू दे ती तितंच," दिनानाथ म्हणाला.

"मानसावर रुसा, फुलांवर कशाला?" म्हणत जयवंतीने माळ मला घातली.

थंडीत अश्लेषा माहेरी आली होती. होळी गावातल्या एका लग्नात तिला अगदी माझ्यासारखी निळी गाडी दिसली. गाडी जुन्या गाड्या जपणाऱ्या मुंबईच्या इझाबेलची. अश्लेषाने तिला गाडीसकट थेट अंगणात आणले आणि दलालाचे बोलणे तिच्या कानावर घातले. मी त्या गाडीच्या बंपरकडे पाहिले. तोच जोड! बॉनेटवर तीच पट्टी! हिलाही कापली?

इझाबेल हसत सुटली. "आजोबा, हिला कुठे अपघात झालाय? हा जोड जन्माचा आहे. नमुन्याची गाडी तयार झाली, तेव्हा बनवणाऱ्याला ती अरुंद वाटली. त्याने ती मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही भाग एकमेकांपासून चार इंच दूर सरकवले आणि म्हणाला, आता बरोबर. पण बंपर आधीच तयार होते. मग तेही कापले आणि मध्ये तुकडा बसवला. बॉनेटवरची पट्टीही त्याच चार इंचांची."

दिनानाथने माझ्या जोडावरून हळूच हात फिरवला. "आनि मी त्याला पत्रिका नाय धाडली," एवढेच बोलला.

त्याच दुपारी परेश यांनी धक्का मारून मला सुरू केले. होळी गावात पोहोचलो तेव्हा मार्सेल वाडीत पाणी लावत होता. इंजिनाच्या आवाजावरूनच त्याने मला ओळखले.

"गाडी परत द्यायला आलास?" तो म्हणाला. पाहा, संशय त्याच्याही घरी राहायला आला होता.

दिनानाथने सगळे सांगितले. "चुकलो, मार्सेल. तुला इचारलं नाय."

मार्सेलने हातातले फावडे बांधावर टेकवले. मग म्हणाला, "पावसात कॅरलला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. माळ मीच ओवली, मला नीट दिसत नाय. झटका आला त्या दिवशी रिक्षा मिळत नव्हती. तुझी गाडी आठवली. पन पत्रिका नाय आलेली, पाय निघाला नाय."

मित्रांनो, त्या दिवशी मी ताडपत्रीखाली धडधाकट उभी होते.

दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून कॅरलला आणले आणि मागच्या सीटवर बसवले. आता दर आठवड्याला तिला हाताच्या व्यायामासाठी मीच नेते. पुढे ते दोघे खांद्याला खांदा लावून बसतात. नमुन्याची गाडी कापून जे चार इंच वाढवले, ते याच बसण्यासाठी होते, हे मला इतक्या उशिरा कळले.

माझे तेलपाणी जमेल तसे बघा, मित्रांनो. पण कोणात जोड दिसला, तर ताडपत्री टाकण्याआधी त्याच्या दारात जाऊन एकदा विचारा. स्वभावाने मी अजून शंकेखोरच आहे. फक्त यंदाच्या दसऱ्याला मार्सेलने ओवलेली सैल माळ मी दोरा तुटेपर्यंत उतरवू दिली नाही.