चांगल्या कानाची सरासरी

छोटीने शेवटची गादी चाचणीच्या खोलीतून ओढून बाहेर आणली आणि सगळं एकदा मोजलं. दोन मोडक्या खुर्च्या, फोमच्या तीन गाद्या, एक ढोल, दोन खुळखुळे, बॅटऱ्यांची सात रिकामी खोकी, एक कान तुटलेला कापडी हत्ती आणि कुणाचा तरी धुतलेला डबा. सतरा वस्तू. मग ती आवाज मोजायचं यंत्र घेऊन आत गेली, दार लावून घेतलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. खोली पुरेशी शांत होती.

बाहेर आली तर सचिवकाका हत्ती हातात घेऊन उभे.

"जिथे सुई पडली तरी ऐकू यायला हवी, तिथे आपण ढोल ठेवतो," ते म्हणाले. "आपल्या संस्थेचं सगळंच असं. गोदाम रिकामं झालं ना? पाचच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर वरातीमागून घोडं."

"जाईल, काका. बाईंची तपासणी तेवढी राहिलीये."

"त्यांची कसली तपासणी? भिंतीपलीकडचं ऐकतात त्या. पण अट आहे म्हटल्यावर करा बापडे."

काका बँकेतून निवृत्त होऊन बहिऱ्या मुलांच्या या शाळेचा कारभार बघत. छोटी वर्षापूर्वी पदवी घेऊन इथे आली, मुलांचे कान तपासायला. खरं तर ती परत आली होती. तिची ताई याच शाळेत शिकलेली. ताईला घ्यायला आईबरोबर येणारी म्हणून बाईंनी तिला छोटी म्हटलं, आणि आता ती चोवीस वर्षांची असली तरी शाळेच्या लेखी छोटीच होती. ताई बोलायला शिकली ती बाईंच्या मांडीवर. स्वतःच्या घशावर एक हात, बाईंच्या घशावर दुसरा.

अनुदान छोटीनेच शोधलं होतं. त्यात तीन महिने गेले. कुणाला इमारत बांधून हवी होती, म्हणजे पाटी लावता येते. कुणाला संगणक द्यायचे होते. शिक्षकांनी काही नवं शिकावं यासाठी हात सैल सोडायला कुणी तयार नव्हतं. एकच निधी असा सापडला की जो दोन्ही देत होता. एका अनुभवी शिक्षिकेला वर्षभराचं प्रशिक्षण, ऐकण्यावरून बोलणं शिकवायचं. आणि ती परतली की पुढची दोन वर्षं आसपासच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे कान तपासायचा खर्च. मागच्या वर्षी शाळेत आलेल्या मुलांचं सरासरी वय छोटीने काढलं होतं. चार वर्षं दोन महिने. ऐकून भाषा शिकायचा काळ तोवर बराचसा हातातून गेलेला असतो. तीच मुलं सहा महिन्यांची असताना सापडली तर काय होईल, याचा विचार आला की तिला झोप लागत नसे.

अटी दोन होत्या. शिक्षिकेची दहा वर्षं नोकरी झालेली हवी. आणि सगळा अभ्यास कानांवरच अवलंबून, म्हणून तिच्या दोन्हींतल्या चांगल्या कानाची सरासरी तीस डेसिबलच्या आत हवी; आकडा जितका कमी, तितका कान तीक्ष्ण. पहिली अट एकट्या बाईंना बसत होती. दुसरीचा कुणी विचारच केला नव्हता.

बाई हात पुसत आल्या. बोटांना रंगीत खडू लागलेला.

"कुठे बसू? बाळाच्या खुर्चीत की मोठ्यांच्या?"

"मोठ्यांच्या, बाई."

"या वयात वसतिगृहात राहायचं, परीक्षा द्यायच्या! आमचा मुलगा काय म्हणतो माहितीये? म्हणतो, आई, कॉपी करताना सापडलीस तर माझं नाव सांगू नकोस."

छोटी हसली. हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवताना तिने पांढऱ्या केसांची बट अलगद बाजूला केली. "आवाज कितीही बारीक असू दे, आला की बोट वर करायचं."

"हे तू मला सांगतेस?" बाई म्हणाल्या.

छोटी काचेच्या अलीकडे आपल्या यंत्रापाशी बसली. तिने उजव्या कानापासून सुरुवात केली. बटण दाबलं, बोट वर. आवाज कमी केला, बोट वर. आणखी कमी केला, तरी बोट वर. आलेखावर ठिपके उमटत गेले, एका सरळ रेषेत, वरच्या टोकाला. पंधरा, दहा, पंधरा, दहा. डावा कानही तसाच. पेन्सिल थांबली. मागच्या महिन्यात तिने गंमत म्हणून स्वतःचे कान तपासले होते. बाईंचे कान तिच्या कानांपेक्षा चांगले होते. बाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

तिने मान वर केली. काचेपलीकडून बाई तिच्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, थोडं खाली, खांद्याकडे.

छोटीने हात बटणाकडे नेला आणि न दाबताच खांदा हलवला.

बोट वर झालं.

मग तिने डावा हात टेबलाखालून सरकवला आणि अंग जराही न हलवता बटण दाबलं. सगळ्यात उंच पट्टीचा सूर, चार हजार हर्ट्झ, चाळीस डेसिबल. बोट मांडीवरच राहिलं. पन्नास. बाई शांतपणे तिच्या खांद्याकडे बघत राहिल्या.

दारातून काकांनी डोकं आत घातलं. "झालं?"

"पाच मिनिटं, काका."

"बघ हं. घास तोंडाशी आलाय."

ते गेले. आलेख समोर होता, पूर्ण भरलेला. खाली फक्त तिची सही राहिली होती. तपासायला कुणी येणार नव्हतं. या सहीवर किती बाळं वेळेत सापडतील, त्याचाही हिशेब तिने अर्जासाठी आधीच मांडून ठेवला होता.

सकाळी ती बाईंच्या वर्गात बसली होती. एक मुलगा ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'स' म्हणायचा प्रयत्न करत होता. श्वास बरोबर लागला की पट्टी हलते. पट्टी हलली. "वा रे माझ्या वाघा!" म्हणून बाईंनी त्याची पाठ थोपटली. पट्टी हलली होती हे खरं, पण त्याच्या तोंडून नुसतीच हवा आली होती. तेव्हा छोटीला वाटलं, मुलाला उभारी द्यावी म्हणून बाई म्हणाल्या असतील.

ती उठून आत गेली. बाईंनी हेडफोन काढले.

"बाई, एकदा परत घेऊ या."

"का गं? काही चुकलं?"

"यंत्राचं काहीतरी..." छोटीने वाक्य सोडून दिलं. त्यांच्यासमोर उकिडवी बसली, चेहरा उजेडात येईल अशी. "नाही. यंत्र बरोबर आहे."

बाईंनी बोटांवरचा खडू अंगठ्याने घासला. निळा निघाला, लाल निघेना.

"दोन वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "घरी टीव्हीच्या आवाजावरून भांडणं व्हायला लागली तेव्हापासून. इथे कुणाला पत्ताही लागला नाही. लागणार कसा? बेलबरोबर दिवा लागतो. जो तो समोर येऊन, तोंड उघडून, सावकाश बोलतो. बहिरं व्हायला याच्याइतकी सोयीची जागा नाही, छोटी."

त्या हसल्या. छोटीला हसू आलं नाही.

"मला वाटलं, हे एवढं एक निभावून नेऊ. बाळांचं काम तरी सुरू होईल. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"हं."

"एक खरं सांग. मुलांचा 'स' बिघडलाय ना?"

छोटीने मान हलवली.

"मान हलवू नकोस, तोंडाने सांग. मला वाचता येतं."

"बिघडलाय, बाई. अर्जासाठी मी तुमच्या वर्गाचं रेकॉर्डिंग केलं. नऊपैकी सहा जणांचा."

"आधीच्या मुलांचा?"

"आधीच्यांचा चांगला आहे. ताईचाही."

बाईंनी काचेकडे पाहिलं. पलीकडे यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि त्याच्याही पलीकडे पॅसेजमध्ये काका खोकी एकात एक घालून रचत होते.

"सहा जण," बाई म्हणाल्या. "आणि मी शाब्बास म्हणत होते."

"हा अर्ज नाही, तर दुसरा शोधू आपण."

"तीन महिने लागले होते तुला."

"परत लागतील."

"तेवढ्या वेळात जी बाळं जन्माला येतील ती?"

बाईंनी हाताने तिला जायची खूण केली. छोटी काचेच्या अलीकडे येऊन बसली. कोरा आलेख काढून तिने त्यावर तारीख घातली, नाव लिहिलं. मान वर केली तेव्हा बाई उभ्या होत्या.

मूल चलाख असलं की ते दोन दिवसांत हाताकडे बघून बोट वर करायला शिकतं. अशा मुलाला बाई कधी रागावल्या नाहीत. बेरकी आहे, म्हणजे शिकेल, असं म्हणून त्याला उचलत आणि त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवत. ताईचीही फिरवली होती.

बाईंनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली, भिंतीकडे फिरवली आणि बसल्या. हेडफोन स्वतःच घातले. काचेतून आता फक्त त्यांची पाठ दिसत होती, करड्या केसांचा अंबाडा, आणि मांडीवरून जरासं उचलून तयार ठेवलेलं एक बोट.

छोटीने बटण दाबलं.

चांगला कान डावा निघाला. पाचशे हर्ट्झला वीस, हजारला तीस, दोन हजारला पन्नास, चार हजारला सत्तर. सरासरी साडेबेचाळीस डेसिबल.